कानस न लावलेले कोयते

“घ्या की चाचणी, साहेब! आमच्या बापूंना कशाची भीती?”

हे मी इतक्या जोरात म्हणाले, की शेतकी ऑफिसातल्या दोन्ही कारकुनांनी माना वर केल्या. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा दंड धरून मला मागं ओढलं. शेजारी उभे असलेले धोंडीकाका मात्र मिशीत हसले. धोंडीकाका म्हणजे आमच्या गल्लीतले, बापूंच्या खालोखाल वयाचे लोहार. मी कुणाशी भांडले की त्यांना फार बरं वाटायचं.

टेबलामागं साखर कारखान्याचे नवे शेतकी अधिकारी इंगवले बसले होते. समोर वर्तमानपत्रावर दोन कोयते ठेवलेले. एक आमच्या गल्लीचा, काळा, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेला. दुसरा कुठल्याशा कंपनीचा, चकचकीत, मुठीला लाल प्लॅस्टिक. नव्या नवरीसारखा अंग चोरून बसलेला.

“तुमचे कोयते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, गुंडूबापू,” इंगवले म्हणाले. “पण भंगारात मिळेल तो पाटा तुम्ही घेता. त्यात काय आहे ते तुम्हाला तरी ठाऊक असतं का? ह्यांचं पोलाद प्रत्येक कोयत्याला तेच. भट्टीवर मशीन, पाण्यावर मशीन.”

“दिसायला ब्येस हाय,” बापू म्हणाले. ते खोटं कौतुक कधी करत नसत.

“पण धार किती टिकते?” मी पुन्हा पुढं झाले.

“ते तुम्हीच मोजा की, मॅडम. तुम्ही तंत्रनिकेतनात धातूंच्या प्रयोगशाळेत आहात ना? पद्धत तुम्ही ठरवा, मी मान्य करतो. ज्याची धार जास्त ऊस तोडेल त्याचे अठराशे कोयते घेऊ. ह्या हंगामाला आणि पुढच्या पाच हंगामांना.”

बापू अजून दोन्ही कोयत्यांकडं बघत होते. मीच म्हणाले, “ठरलं.”

हे अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातलं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, कोल्हापुरात खोली घेऊन राहत होते, आणि सोनवळीच्या लोहार गल्लीतली कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी असल्यामुळं सगळ्या जगाला अक्कल शिकवण्याचा ठेका आपल्याकडंच आहे अशी माझी समजूत होती.

गल्लीत चार घरं. ट्रॅक्टर आले तसे नांगराचे फाळ गेले, रबरी टायर आले तशा बैलगाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावा गेल्या. उरला होता तो ऊसतोडीचा कोयता. कारखाना सुरू झाल्यापासून त्याचे कोयते आमच्याच गल्लीत घडायचे. तेही गेले तर चारी भट्ट्यांना कोळसा घालायचं काही कारण उरणार नव्हतं. हे गल्लीतल्या लहान पोरालाही कळत होतं.

तरीही मी एवढी निर्धास्त होते, कारण मी आधीच चोरून चाचणी घेतली होती. आदल्या थंडीत एका टोळीवाल्याकडून असलाच कंपनीचा एक कोयता मागून आणला, आमच्या घरचा तीन वर्षांपूर्वीचा एक घेतला, आणि सुट्टीत शेजारच्या फडात दोन्ही चालवून पाहिले. कंपनीचा सातशे उसांना थकला. बापूंचा नऊशेच्या पुढं गेला. तो कागद माझ्या कपाटात घडी घालून ठेवला होता. मला फक्त तो जगासमोर पुन्हा लिहायचा होता.

आमच्या गल्लीची एक रीत इथं सांगायला हवी. कोयता घडवायचे चारी घरं. पाटा तोडायचा, ठोकून पातं काढायचं, वाक द्यायचा, हे ज्यानं त्यानं आपापल्या ऐरणीवर करायचं. पण शेवटचं पाणी द्यायचा एकच माणूस, गल्लीतला सगळ्यात जुना हात. तापलेलं पातं नेमक्या रंगाला आलं की ते पाण्यात घालायचं. रंग चढायच्या आधी घातलं तर ते मऊ राहतं, उशीर झाला तर तडकतं. धार टिकते ती ह्या एका क्षणावर. आमच्या गल्लीत गेली बावीस वर्षं हा क्षण बापू ठरवत होते. चार घरांचे अठराशे कोयते त्यांच्या हाताखालून जायचे.

आणि त्यांनी पाणी दिलं की त्यावर कुणी कानस लावायची नाही. खरं तर ती दोन सेकंदांची परीक्षा आहे. कानस घसरली तर पोलाद कडक, तिनं धातू खाल्ला तर मऊ. कुठलाही लोहार बाजारातला कोयता घेताना आधी हेच करतो. पण वडीलधाऱ्याच्या पाण्याला कानस लावणं म्हणजे जेवायला बसल्यावर वाढणारीच्या देखत ताटातलं मीठ चाखून बघणं. आमच्यात ते कुणी केलं नव्हतं.

ऑफिसातून परत येताना बापू बांधावरून चालत होते, आणि चालता चालता पाटाच्या काठावर त्यांचा पाय घसरला. धोंडीकाकांनी सावरलं.

“पाट दिसला न्हाई व्हय?” मी विचारलं.

“दिसला की. जरा उशिरा दिसला.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, दहा-बारा वर्षं पिकत आलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उसळायचे. घरी पोचल्यावर मी ते काढलंच. “पन्नास वर्सं लोखंड बघतोय मी. लोखंड मला दिसतंय. माणसं दिसली न्हाईत तर काय बिघाडतंय?”

“चैत्रात आईच्या अंगठ्यावर हातोडा घातलात. तिचा अंगठा म्हणजे पाटा न्हवं, बापू.”

आई चुलीपाशी बसून काळं पडलेलं नख लपवत होती.

“आणि चाचणीच्या दिवशी सगळ्या कारखान्यासमोर चाचपडत येणार काय तुम्ही?” मी आणखी घाव घातला. “मला लाज वाटंल.”

हे मी म्हणाले. मला चांगलं आठवतं, कारण ते म्हणताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

जूनमध्ये एक डोळा झाला, जुलैत दुसरा. पट्टी काढली त्या दिवशी घरी आल्यावर बापू दारात उभे राहिले आणि आईकडं बघत बसले.

“म्हातारी झालीस की गं!”

“तुमच्याबरूबरच झाले न्हवं,” आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली. पुढचे दोन दिवस ते प्रत्येक वस्तूचा रंग विचारत फिरत होते. भिंत एवढी पांढरी कधी केली? ही बादली निळी आहे? मला वाटलं, मी आयुष्यात एक तरी धड काम केलं.

डॉक्टरांनी दोन महिने जाळाजवळ बसायचं नाही असं सांगितलं होतं. तोवर चारी घरांनी पाती घडवून ढीग लावले. गणपती गेले आणि बापू पुन्हा भट्टीशी बसले. त्या शनिवारी मी मुद्दाम गावी गेले.

आमच्या भट्टीच्या खोपीला खिडकीवर गोणपाट असायचा. पाणी द्यायच्या वेळी तो खाली सोडायचा, म्हणजे अर्ध्या अंधारात लोखंडाचा रंग वाचता येतो. आई हातपंखा फिरवत होती. तिला मोजायची खोड. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, सगळीकडं ती ओठातल्या ओठात आकडे म्हणायची.

“काढ,” बापू सवयीनं स्वतःलाच म्हणाले, आणि सांडशीतलं पातं पाण्यात गेलं. वाफ वर आली.

“आता फेरं कमी लागायलेत बघ,” आई मला म्हणाली. “आदी पाण्याच्या तावाला साडेतीनशे फिरवायची. आता अडीचशेलाच म्हणत्यात, काढ.”

“आता दिसतंय न्हवं मला!” बापू म्हणाले. “इतकी वर्सं उगंच कोळसा जाळत हुतो. रंग कवाच आलेला असायचा, मला मेल्याला दिसायचा न्हाई.”

मी खदखदून हसले. कोळसा वाचला, आईचा हात वाचला. धोंडीकाका त्या दिवशी पाण्यातून निघालेली पाती उचलून भिंतीशी लावत होते. ते हसले नाहीत. मला वाटलं, त्यांची कंबर दुखत असेल.

दसऱ्याला आठ दिवस होते तेव्हा चाचणी झाली. कारखान्याच्या मागच्या फडात सकाळी सातला सगळे जमले. इंगवले, त्यांचे कारकून, आमची अख्खी गल्ली, तोडीची टोळी. पद्धत माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. कंपनीचे पाच कोयते, आमचे पाच, आणि कोल्हापूरच्या बाजारात मिळतात ते सळईचे स्वस्त पाच. पंधराच्या पंधरा मी कॉलेजच्या एकाच चाकावर, एकाच कोनात घासून धारदार केलेले. दर शंभर उसांनंतर, आणि धार उतरायला लागली की दर दहांनंतर, कोयता थांबवायचा. लाकडी चौकटीत ताणलेल्या सुतळीवर पातं ठेवून वरून काट्यानं दाबायचं आणि किती वजनाला सुतळी तुटते ते बघायचं. नव्या धारेला चारशे ग्रॅम पुरतात. दोन किलो लागले की धार गेली असं धरायचं.

टोळीतल्या एका बाईनं आमचा पहिला कोयता घेतला. शंभर ऊस तोडून ती परत आली. मी पातं सुतळीवर ठेवलं.

आठशे.

मी लिहिलं. कंपनीचा आला, पाचशे. सळईचा आला, नऊशे.

“सुतळी बदल, मालू,” धोंडीकाका म्हणाले. “ही जाड लागली.”

मी सुतळी बदलली. दोनशेला आमचा तेराशेवर गेला. तीनशेला दोन किलोचा काटा ओलांडला आणि सुतळी तुटायच्या ऐवजी चेचली गेली.

“एखादं पातं निघतं तसं,” मी इंगवल्यांना म्हणाले. “म्हणून तर पाच घेतलेत.”

दुसरा तीनशे वीसला गेला. तिसरा दोनशे ऐंशीला. तोडणारी बाई चौथा कोयता घेऊन परत आली तेव्हा तिनं तो माझ्या हातात न देता बापूंच्या समोर धरला.

“मामा, ह्यो तुमचा न्हवं. तुमच्या कोयत्याला मी दुपारपातूर दगड लावत न्हाई. कुणाचा तरी बदलून आलाय ह्यो.”

“माजाच हाय, बाई,” बापू म्हणाले. त्यांनी मुठीजवळची स्वतःची खूण तिला दाखवली.

पाचवा चालू होता. मी मनातल्या मनात देवाला नवस बोलत होते, आणि देवाशी माझं तसं फारसं बोलणं नव्हतं. तीनशे दहा. कंपनीचे पाचही सातशेच्या आसपास गेले. आमचे सळईच्या कोयत्यांच्या पंगतीला बसले. हिशोब लावायची गरजच नव्हती, तरी मी लावला. कागद इंगवल्यांना दिला तेव्हा अक्षरं तिरकी आली होती.

इंगवले वाईट माणूस नव्हते. “मलाही असं वाटलं नव्हतं, मॅडम,” ते म्हणाले. “पण हंगाम तीन आठवड्यांवर आलाय.” दुपारी त्यांनी कंपनीच्या कागदावर सही केली.

बापू बांधावर बसून होते. पाचव्या कोयत्याच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवत होते, पुन्हा पुन्हा. मी जवळ गेले.

“पाटा खराब निघाला,” ते म्हणाले. “आता पैल्यासारखं पाटं कुठं येत्यात? सगळी भेसळ.”

“व्हय, पाटाच,” धोंडीकाका घाईघाईनं म्हणाले. गल्लीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर बापू दोन भाकरी जेवले. पाटा खराब होता, त्यात माणसाचा काय दोष? त्या एका वाक्याच्या आधारानं त्यांनी जन्म काढला असता. मला तेवढ्यावर राहवलं नाही.

सोमवारी मी आमचे तीन कोयते प्रयोगशाळेत नेले आणि कडकपणा मोजायच्या यंत्रावर ठेवले. कंपनीचं पातं चौपन्न दाखवत होतं. घरचा तीन वर्षांपूर्वीचा जुना कोयता, त्रेपन्न. चाचणीतले आमचे तिन्ही तीसच्या आसपास. मग चाकावर जुना आणि नवा दोन्ही घासून ठिणग्या पाहिल्या, पाट्याचे तुकडेही तपासले. पोलाद तेच होतं. पाट्यात काही भेसळ नव्हती.

म्हणजे पाणी.

मी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले. धार लावायचं चाक त्याच खोलीत होतं. चाचणीच्या दोन दिवस आधी मी पंधरा कोयते घासायला इथंच उभी होते. कडकपणाचं यंत्र वीस पावलांवर. एका कोयत्याला एक मिनिट पुरतं. आमचे पाच घासताना धातू लोण्यासारखा निघत होता, तेव्हाही मी मनाशी म्हणाले होते, बापूंचं पातं किती छान घासलं जातंय. जगाला मोजमाप शिकवणारी मी, आणि बापाच्या पाण्याला यंत्र लावावं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कितीही शिकले तरी मी त्याच गल्लीची.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीनं गावी गेले. गल्लीच्या तोंडाशी धोंडीकाका भेटले. माझ्या हातातली यंत्राची पेटी बघून त्यांचा चेहरा उतरला.

“मालू, तुला एक सांगू? कुणाला बोलू नगंस.”

“बोला, काका.”

“मी कानस लावली हुती.” ते दुसरीकडं बघत होते. “भादव्यात. गुंडूदा जेवाय गेल्यावर. एका पात्याला, कोपऱ्याला. खाल्लं गं तिनं. मला वाटलं माजी कानस नवी हाय, म्हणून खाल्लं. दुसऱ्याला लावली. त्येबी खाल्लं.”

“मग बोलला का न्हाई तुम्ही?”

“कसा बोलू? त्येच्या पाण्याला कानस लावली म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “आन त्यो किती खूश हुता, डोळं परत आलं म्हणून.”

मी घरी गेले. बापूंना म्हटलं, एक पातं तापवा, मला बघायचंय. गोणपाट खाली सोडला. आई पंखा फिरवू लागली. कॉलेजातून मी जाळाचं तापमान लांबून मोजायचं एक यंत्र आणलं होतं, दुर्बिणीसारखं. ते डोळ्याला लावून बसले.

“काढ,” बापू म्हणाले.

सातशे चाळीस. लागतात साडेआठशे.

दुसरं पातं काढलं तेव्हा सातशे तीस. तिसरं, सातशे चाळीस. हात नेमका होता. पन्नास वर्षांचा हात, दहा अंशांपलीकडं फरक पडत नव्हता. तो फक्त चुकीच्या जागी नेमका होता.

मोतीबिंदू एका दिवसात येत नाही. बारा वर्षं बापूंच्या डोळ्यांपुढं पडदा जरा जरा दाट होत गेला, जाळ जरा जरा मंद दिसत गेला, पण त्यांना नकळत हात पूर्वीच्याच तावाला थांबत राहिला. मंद दिसणारा तो तांबडा म्हणजेच पाण्याचा रंग, असं त्यांच्या डोळ्यांत ठरून गेलं होतं. मी पडदा काढायला लावला. आता तोच रंग शंभर अंश आधीच दिसायला लागला. स्वच्छ, लखलखीत आणि खोटा.

सांगायचं की नाही, हा प्रश्न मला पडला असता तर बरं झालं असतं. तो पडलाच नाही. चूक सापडली की सांगायची, एवढंच मी शिकले होते. उलट मला वाटलं, त्यांना आनंद होईल. हात शाबूत आहे, फक्त डोळा बदललाय. मी पंखा थांबवायला सांगितलं आणि सगळं समजावलं, शाळेत समजावतात तसं.

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे पाटा चांगला हुता?”

“हो, बापू. पाट्याला काही झालेलं न्हाई.”

“चारी घरांची पाती चांगली हुती?”

“हो.”

“म्हंजे मीच,” ते म्हणाले.

“तुम्ही न्हाई, बापू. डोळे.”

“डोळं कुणाचं हायत मग?” त्यांनी सांडशी खाली ठेवली. आई कधी नव्हे ते मला दम देऊन म्हणाली, “बास कर आता. जा, च्या ठेव.” मी चहा ठेवायला गेले आणि चुलीपाशी बसून रडले. मला तेव्हा कळलं की मी त्यांच्या हातातली शेवटची काठीही काढून घेतली होती.

तरी मी हरायला तयार नव्हते. जाळ मोजायचं यंत्र कॉलेजला लगेच परत द्यावं लागलं, पण पुढचे आठ दिवस आम्ही झगडलो. आईनं साडेतीनशे फेरे मोजायचे आणि तोवर बापूंनी पातं काढायचं नाही, असं ठरलं. पण तीनशेला पोचेपर्यंत बापूंच्या कपाळावर घाम फुटायचा. “जळालं! अगं जळालं!” म्हणून ते झडप घालून पातं बाहेर काढायचे. कधी दात-ओठ खाऊन थांबले तर कोळसा नेमका तेज निघायचा आणि पातं पाण्यात टण्‌कन तडकायचं. फेऱ्यांचा अंदाजही त्यांच्या डोळ्यांच्या जोडीनंच खरा होता. एकटा आकडा काही कामाचा नव्हता.

मी कॉलेजातून पिवळट काचांचा चष्मा आणला. त्यातून जाळ मंद दिसला, पण तो बापूंचा जुना मंदपणा नव्हता.

“समदं संध्याकाळ झाल्यागत दिसतंय,” ते म्हणाले. “ह्येच्यात रंगच न्हाई. कशाला म्हणू काढ?”

तरी त्यांनी दहा पाती केली. मी दहाही मोजली. तीन पन्नासच्या वर निघाली. ती तीन कापडात गुंडाळून मी इंगवल्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि सगळी हकिगत सांगितली. डोळ्यांचं, रंगाचं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मला पटतंय,” शेवटी ते म्हणाले. “पण मी संचालकांना काय सांगू? लोहाराचे डोळे चांगले झाले म्हणून कोयते बिघडले? आणि बाकीची सात?”

मी ती तीन पाती परत कापडात गुंडाळली.

“काकांना पाणी द्यायला लावू,” मी घरी येऊन म्हणाले. धोंडीकाकांनी दोन्ही हात मागं घेतले. बावीस वर्षं त्यांनी पाण्याचा ताव बघितलाच नव्हता. रीत होती ना, बघायचा एकानंच. त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं आणि बापूंनी कधी शिकवलं नव्हतं. दोघंही ते मान राखणं समजत होते.

दिवाळीपर्यंत गल्लीतल्या तीन भट्ट्या थंड झाल्या. धोंडीकाकांचे मुलगे ग्रिलच्या कामाला लागले, बाकीची दोन घरं कोल्हापूरला गेली. गल्लीत कुणी बापूंना एक शब्द बोललं नाही. कुणी तरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बापू सकाळी उठून भट्टीच्या खोपीत जाऊन बसायचे, गोणपाट वर असायचा, आणि उजेडात सगळं स्वच्छ दिसायचं. आई मोजायची थांबली होती. भाकरी थापताना तिचे ओठ हलत नव्हते.

बापू गेले त्यालाही आता अकरा वर्षं झाली. त्यांनी परत कधी पाणी दिलं नाही, कुणाच्या साध्या विळ्यालासुद्धा नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला बोलावलं होतं. बापू जायला नको म्हणतील असं वाटलं होतं, पण ते स्वतःच धुवट धोतर नेसून तयार झाले. एसटीत खिडकीशी बसले. दवाखान्यात बाकावर पंधरा-वीस माणसं होती. डॉक्टरीण तरुण होती, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं बापूंना समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. बापूंनी वरून सुरुवात केली आणि सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा वाचली, अडखळत, पण अचूक.

“वा, आजोबा! माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय तुम्हाला,” ती म्हणाली. “आता परत यायची गरज नाही. काही त्रास?”

“न्हाई.” बापूंनी टोपी काढून हातात घेतली. “बाई, एक इचारू?”

“विचारा की.”

“त्यो डोळ्यातला पडदा काढला न्हवं का तुमी, त्यो ठिवला असंल कुठं? परत लावता यील?”

डॉक्टरीण खळखळून हसली. नर्स हसली. दारातून आत डोकावणारी बाकावरची माणसंही हसली. “आजोबा फार गमतीदार आहेत!” असं कुणीतरी म्हणालं.

बापू त्यांच्याबरोबर हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. पोरगी शिकलेली आहे, तिला ठाऊक असेल, असं त्यांना खरंच वाटत होतं. ते थांबले होते.

मी मान हलवली. नाही.

“बरं,” बापू म्हणाले, आणि टोपी घालून उठले.